काळोखाचे पाहुणे

अध्यापकाच्या धंद्यात प्रकाशाची फार महती आहे. गेल्या तीस वर्षांत स्नेहसंमेलने, बक्षीससमारंभ आणि निरोपसमारंभ ह्यांच्या निमित्ताने आम्ही जी भाषणे केली, त्यांतून दिवा, पणती, ज्योत आणि मशाल एवढे चार शब्द कोणी काढून घेतले, तर मागे आभारप्रदर्शनाखेरीज फारसे काही उरणार नाही. ज्ञान म्हणजे उजेड आणि अज्ञान म्हणजे काळोख, हे समीकरण आम्ही इतक्या वेळा मांडले आहे की, काळोखाचीही काही बाजू असू शकेल, हा विचार पन्नाशीच्या उंबरठ्यावर येईपर्यंत आमच्या मनास शिवला नव्हता. पुढे तो आम्हांस एका किड्याने शिकविला, आणि त्या किड्याच्या वतीने बोलणाऱ्या एका डोंगरी म्हाताऱ्याने.

किडा म्हणजे काजवा. काजव्याच्या बाबतीत आपली भाषा मोठी कृपण आहे. थोबाडीत बसली म्हणजे डोळ्यांपुढे काजवे चमकतात; कोणाचा क्षुद्रपणा दाखवावयाचा असला म्हणजे त्यास सूर्यापुढचा काजवा म्हणतात. ह्या दोन प्रयोगांपलीकडे बोलण्याचालण्यात त्यास प्रवेश नाही. तथापि आम्ही स्वतः काजव्यांशी जसे वागलो ते आठवले, म्हणजे भाषेचा हा कंजूषपणा अगदीच क्षम्य वाटू लागतो.

आमचे आजोळ मावळातले. १९८० च्या आगेमागे त्या गावी वीज आली होती खरी. पण येण्यापेक्षा जाण्याबद्दलच तिची ख्याती अधिक होती. मृगाच्या आधीच्या आठवड्यात ओढ्याकाठची झाडे रात्री काजव्यांनी भरून जात. त्याच वर्षी शाळेत गुरुजींनी चीन देशातील एका गरीब विद्यार्थ्याची गोष्ट सांगितली होती. त्याच्याजवळ दिव्याच्या तेलाला पैसे नव्हते, म्हणून तो पातळ कापडाच्या पिशवीत काजवे भरून त्यांच्या उजेडात अभ्यास करी आणि पुढे तो मोठा अधिकारी झाला. आम्हांसही मोठे व्हावयाचे होतेच. लोणच्याची रिकामी झालेली काचेची बरणी आम्ही आजीच्या नकळत उचलली, तीत मोजून एकोणीस काजवे भरले, झाकण घट्ट लावले आणि पांघरुणात शिरून ती बरणी व्याकरणाच्या पुस्तकावर धरली. एका वेळी एखादा शब्द दिसे आणि मावळे. कर्मणी प्रयोगाची दीड ओळ वाचून होते न होते तोच आम्हांस झोप लागली. सकाळी पाहतो तो बरणीच्या तळाशी तपकिरी रंगाचे एकोणीस किडे पाय आखडून उपडे पडलेले! त्यांत प्रकाशाचा मागमूसही नव्हता. आजीने काही न बोलता ती बरणी राखेने घासली, उन्हात वाळविली आणि त्या वर्षीचे लोणचे तीतच घातले. आम्ही वर्षभर त्या लोणच्यास हात लावला नाही. कारण कोणी विचारले नाही आणि आम्हीही सांगितले नाही.

ह्या गोष्टीस चाळीस वर्षे होत आली असतील. २०१८ च्या मे महिन्याच्या अखेरीस आमचा पुतण्या म्हणाला, “काका, भंडारदऱ्याला काजवे पाहायला जाऊ या. सगळे जातात.” सगळे जातात हेच वस्तुतः न जाण्यास पुरेसे कारण होते, परंतु पुण्यातील उकाड्याने आमची विचारशक्ती मंदावली होती. पुतण्या, त्याची नवी नवरी, आमची सौभाग्यवती आणि आम्ही असे चौघे मोटारीने निघालो. संगमनेर, अकोले, राजूर करीत दिवेलागणीच्या सुमारास शेंडी गाठली.

हा मुलूख पूर्वीच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या पश्चिम टोकास आहे. एका अंगास १६४६ मीटर उंचीचे कळसूबाईचे शिखर, मध्ये प्रवरेवरचे १९२६ साली पुरे झालेले धरण, आणि त्याच्या पाण्याभोवती रतनवाडी, साम्रद, घाटघर अशी लहान लहान गावे. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य म्हणून हे रान १९८६ पासून राखले आहे. पाऊस येऊ घातला, हवेत ओल आली, वळवाच्या एक-दोन सरी पडल्या की, येथील हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर ह्या झाडांवर काजव्यांची वस्ती होते. हा दरबार फार तर दोन-तीन आठवडे टिकतो. मृगाचा पाऊस जोराने कोसळू लागला की तो उठतो.

शेंडीहून घाटघरकडे जाणाऱ्या रस्त्यास लागलो, तो पुढे मोटारींची रांगच रांग. कोणी मोटारीतले गाणे मोठ्याने लावले होते, कोणी टपावर उभे राहून मोबाईलच्या विजेरीने झाडे धुंडाळीत होते, आणि वेफर्सच्या पिशव्या वाऱ्याबरोबर आमच्या आधी पुढे जात होत्या. ‘काय ही माणसे!’ असा उद्गार आम्ही काढला. आपण त्याच रांगेत आहो हे त्या वेळी लक्षात आले नाही. पुढे एका वाडीपाशी गर्दी थोडी विरळ झाली. वळणावर एक मोठा सादडा उभा होता आणि तो बुंध्यापासून शेंड्यापर्यंत लुकलुकत होता. लुकलुकत होता म्हणजे कसा? एका फांदीवर उजेडाची लहर उठे, ती पानोपानी सरकत शेंड्याशी जाई, क्षणभर सगळे झाड मालवे, आणि मग जणू कोणी इशारा केल्याप्रमाणे हजारो ठिणग्या एकदम पेटत. आम्ही पुतण्यास थांबण्यास सांगितले. खाली उतरावयाचे होते, रस्त्याकडेला चर होती, आणि सौभाग्यवतींचा गुडघा दुखरा. म्हणून आम्हीच म्हणालो, “अरे, दिवे जरा मोठे कर. काकूला पायाखालचे दिसू दे.”

मोटारीचे प्रखर दिवे झाडावर पडले मात्र, आणि झाड विझले. एकही ठिणगी राहिली नाही. समोर उरले ते एक साधे, धुळीने माखलेले, उन्हाळ्यात वाळलेले झाड.

चरीच्या पलीकडून एक म्हातारा पुढे आला. डोक्यास मुंडासे, अंगात बंडी, हातात काठी. त्याने रागावून काही म्हटले असते, तर आम्हीही प्राध्यापकी बाण्याने उत्तर दिले असते. पण तो अगदी हळू, आजारी माणूस असलेल्या घरात बोलावे तसा बोलला : “साहेब, दिवे बंद करा. त्यांना एकमेकाचं दिसंना झालंय.”

दिवे बंद केले. पाच मिनिटे गेली, दहा गेली. खालच्या फांदीवर दोन-चार ठिणग्या भीत भीत दिसल्या, आणि तेवढ्यात मागून दुसरी मोटार आली.

त्या रात्री म्हाताऱ्याच्याच घरी आम्ही मुक्काम केला. तांदळाची भाकरी आणि पिठले खात असता त्याने जे सांगितले, ते पुढे पुण्यास आल्यावर आम्ही पुस्तकांतून पडताळून पाहिले. पुस्तकांनी त्याच्या बोलण्यात कोठे दुरुस्ती केली नाही. केवळ नावे घातली. काजवा हा माशी नव्हे, भुंगेऱ्यांच्या कुळातला कीटक आहे, आणि जगात त्याच्या दोन हजारांहून अधिक जाती आहेत. त्याच्या पोटाच्या टोकाशी ल्युसिफेरिन नावाचे द्रव्य असते. ल्युसिफेरेझ ह्या विकराच्या साहाय्याने त्याचा प्राणवायूशी संयोग होतो आणि जवळजवळ उष्णतारहित असा शीत प्रकाश निघतो. ही दोन नावे रॅफेल द्युब्वा ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दिली. परंतु प्रकाश कसा निघतो ह्यापेक्षा तो कशासाठी निघतो, हे म्हाताऱ्याने जास्त नेमके सांगितले होते. ते त्यांचे बोलणे आहे. नर लुकलुकून पुसतो, मादी गवतातून किंवा खालच्या पानावरून उत्तर देते. प्रत्येक जातीची लुकलुकण्याची चाल निराळी. त्यावरूनच आपले माणूस ओळखावयाचे. अशा संभाषणात मोटारीचा दिवा घालणे म्हणजे लग्नघरात शिरून वधूवरांच्या कानाशी नगारा बडविण्यासारखे आहे.

आणि हे संभाषण करण्यास त्यांस वेळ तरी किती असतो? काजव्याचे बहुतेक आयुष्य अळीच्या रूपाने ओल्या मातीत आणि पालापाचोळ्यात जाते. तेथे ती गोगलगायी आणि तसलेच मऊ जीव खाऊन वाढते. ह्यात वर्ष, काही जातींत दोन वर्षेही जातात. पंख फुटून प्रकाशात येण्याची पाळी आली की मग उणेपुरे काही दिवस हाती असतात. पुष्कळ जातींत प्रौढ काजवा ह्या दिवसांत अन्नालाही फारसा शिवत नाही. जोडीदार शोधावयाचा, ओल्या मातीत अंडी घालावयाची आणि संपावयाचे. आम्ही आमच्या अध्यापकी सवयीने हिशोब मांडला. वर्षभर जमिनीखाली वाट पाहून ज्यास पंधरा रात्री मिळाल्या, त्याची एक रात्र, निदान त्या रात्रीचा अर्धा तास, आम्ही एका गुडघ्याच्या सोयीसाठी घेतला होता. झाडावर असे किती जण होते, हे मोजण्याचे धैर्य झाले नाही. लोणच्याच्या बरणीतले निदान एकोणीसच होते.

ही गोष्ट आम्ही एका विद्वान स्नेह्यास सांगितली, तेव्हा ते म्हणाले, “मग जाऊच नये. सरकारने तो रस्ता त्या महिन्यात बंद करावा म्हणजे प्रश्न मिटला.” हा उपाय सुटसुटीत आहे. पण सुटसुटीत उपायांची किंमत बहुधा दुसऱ्यालाच द्यावी लागते. त्या वाडीत भाताचे एक पीक येते. वरकस जमिनीत नाचणी, वरई. दिवाळीनंतर पुष्कळ कुटुंबे मजुरीसाठी नारायणगावच्या बाजूस उतरतात. मे-जूनच्या दोन-तीन आठवड्यांत पाहुण्यांच्या जेवणाराहण्यातून म्हाताऱ्याच्या घरात चार पैसे येतात. त्यांतून बियाणे आणि नातवंडांच्या वह्यापुस्तके होतात, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. आपल्या मोटारीने काजव्यास त्रास झाला, म्हणून आपण प्रायश्चित्त घ्यावयाचे आणि उपवास त्या म्हाताऱ्यास घडवावयाचा, हा न्याय आम्हांस पटला नाही. शिवाय ज्या वस्तूवर आपले कधी डोळे ठरले नाहीत, ती नाहीशी झाली तर हळहळणार कोण? आमच्या आजोळच्या ओढ्याकाठी आज शहरवासीयांचे बंगले आहेत आणि त्यांच्या कुंपणावर रात्रभर दिवे जळतात. तेथे काजवे नाहीत. त्यांची आठवण काढणारेही आता आमच्यासारखे दोन-चारच उरले आहेत.

तेव्हा जावे की न जावे हा प्रश्न नसून कसे जावे हा आहे. आणि तो आपल्याच देशापुढे आहे असेही नाही. काजव्यांच्या अभ्यासकांनी जगभरच्या तज्ज्ञांची मते गोळा करून २०२० साली प्रसिद्ध केली, तेव्हा काजव्यांवरील संकटांत राहण्याची जागा नष्ट होणे, कृत्रिम प्रकाश आणि कीटकनाशके ही अग्रभागी आली. मेक्सिकोत एका प्रसिद्ध जातीच्या माद्यांस उडताच येत नाही. त्या जमिनीलगत असतात आणि हौशी प्रेक्षकांच्या पायांखाली सापडण्याची धास्ती असते. अमेरिकेतील ग्रेट स्मोकी पर्वतांत काजव्यांच्या दिवसांत सरळ सोडत काढतात. जिचे नाव निघेल त्या मोटारीने यावे. मलेशियात सेलांगोर नदीवर काजवे दाखविण्यास वल्ह्याची होडी नेतात. आपल्याकडेही वनखात्याने वाहने, वेळ आणि दिवे ह्यांवर निर्बंध घातले आहेत, आणि ते योग्यच आहेत. परंतु वनरक्षक मोजके आणि झाडे अगणित. शेवटी नियम पाळला जावयाचा तो पाहुण्याच्या अंगच्या शहाणपणानेच.

हे शहाणपण आपल्यास परके आहे काय? देवळाच्या गाभाऱ्यात जाताना आपण चपला बाहेर ठेवतो, आवाज खाली आणतो, हात जोडून उभे राहतो आणि मागच्यास जागा करून देऊन बाहेर पडतो. कोणी शिपाई तेथे उभा नसतो. सह्याद्रीतील देवरायांत वाळलेली काटकीही उचलावयाची नाही, हा दंडक गावोगाव पिढ्यान्‌पिढ्या पाळला गेला आणि म्हणून तेथे अजून जुने वृक्ष शिल्लक आहेत. पाहुण्याने यजमानाच्या स्वयंपाकघरात जोड्यांसह शिरू नये, हे आपल्या मुलास पाचव्या वर्षी कळते. तोच मुलगा मोठा होऊन मोटारीत बसला की, रान हे कोणाचे घर आहे हे मात्र विसरतो.

२०२४ साली आम्ही पुन्हा गेलो. ह्या खेपेस पुतण्याचा सहा वर्षांचा मुलगा बरोबर होता. म्हाताऱ्यास आधी दूरध्वनी केला. शनिवार-रविवार टाळून मंगळवार धरला. उजेड असतानाच वाडीत पोहोचलो आणि मोटार त्याच्या खळ्यावर उभी केली. सौभाग्यवतींनी पाण्याच्या बाटल्यांबरोबर कचऱ्यासाठी एक रिकामी पिशवी घेतली. विजेरी एकच, तिच्यावर लाल जिलेटीनचा कागद दुहेरी बांधलेला. कारण तांबडा उजेड काजव्यांच्या डोळ्यांस कमी जाणवतो. तोही जमिनीकडे, आणि पाऊल टाकण्यापुरताच. मळलेली पायवाट सोडून गवतात शिरावयाचे नाही, असे मुलास बजावले होते. कारण मात्र सांगावयाचे राहिले होते.

त्याच सादड्यापासून वीस पावलांवर आम्ही सतरंजी अंथरून बसलो. पहिली दहा मिनिटे काहीच दिसेना. मनुष्याच्या डोळ्यांस काळोखाची सवय होण्यास वेळ लागतो, हे शालेय पुस्तकात होते; पण तो वेळ किती लांब असतो, हे शहरात कधी कळत नाही. हळूहळू झाडांचे आकार निराळे झाले, मग फांद्या, मग पलीकडच्या डोंगराची कड. रातकिड्यांचा आवाज एक नसून अनेक आहे, हे ऐकू आले. आणि मग झाड बोलू लागले. सौभाग्यवतींनी आमचा हात धरला. लग्नास अठ्ठावीस वर्षे झालेल्या मनुष्याने ह्याहून अधिक काही लिहू नये.

एवढ्यात वळणावर एक मोटार येऊन उभी राहिली. दिवे प्रखर, दारे उघडी, आत गाणे चालू. झाड विझले. आम्ही तत्काळ उठलो. तीस वर्षे शंभर-सव्वाशे मुलांचे वर्ग शांत केल्याचा अनुभव पाठीशी होता. आम्ही त्या तरुणांस काजव्यांचे जीवनचक्र, प्रकाशाचे दुष्परिणाम आणि नागरिकाचे कर्तव्य ही तिन्ही प्रकरणे थोडक्यात समजावून दिली. त्यांतला एक म्हणाला, “काका, जंगल तुमच्या मालकीचं आहे का?” बाकीचे हसले. ह्या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नव्हते असे नाही. पण ते देण्यासाठी फळा हवा होता.

म्हातारा काठी टेकीत आला. त्याने कर्तव्याचे नाव काढले नाही. तो म्हणाला, “पोरांनो, एवढ्या लांबून आलात. दिवे लावून तुम्हांला काय दिसणार? पाच मिनिटं बंद करून पाहा. नाय आवडलं तर लावा मंग.”

दिवे बंद झाले. गाणे थोड्या वेळाने, बहुधा कोणाच्या तरी लाजेने, बंद झाले. आणि जेव्हा ते झाड बुंध्यापासून शेंड्यापर्यंत पुन्हा पेटले, तेव्हा त्या मोटारीपाशी ‘अरे!’ एवढाच एक उद्गार ऐकू आला. त्यानंतर जवळजवळ अर्धा तास तेथे कोणी बोलले नाही. निघताना त्यांनी मोटार ढकलीत वळणापलीकडे नेली आणि मग सुरू केली. आम्हांस जे तीन प्रकरणांत साधले नाही, ते म्हाताऱ्याने पाच मिनिटांच्या करारात साधले. संयम हा आनंदावरचा कर आहे, अशा समजुतीने आम्ही बोललो होतो. म्हाताऱ्याने त्यांस सांगितले की, संयमावाचून येथे आनंदच नाही. विद्यार्थ्यांस शिकविण्याची ही रीत आम्ही इतकी वर्षे का वापरली नाही, ह्याचा विचार अजून चालू आहे.

परत फिरण्याच्या वेळी एक काजवा मुलाच्या बाहीवर येऊन बसला. आम्हांस वाटले, हा आता मूठ मिटणार. क्षणभर आम्हांस आजीची बरणी दिसली. पण तो श्वास रोखून बसून राहिला. काजवा तीन-चार वेळा लुकलुकला आणि उडून गेला.

“आजोबा, पुढच्या वर्षी आपण आलो की हाच भेटेल का?”

“नाही बाळ. हा नसेल. ह्याची मुले असतील.”

“ती आता कुठे आहेत?”

“ह्याच्या जोडीदारणीने अंडी घातली म्हणजे ती इथेच मातीत असतील. ह्या गवताखाली, पाचोळ्याखाली. पुढल्या पावसाच्या आधी बाहेर येतील.”

मुलाने खाली पाहिले. काळोखात त्यास काही दिसणे शक्य नव्हते. त्याचा एक पाय पायवाटेबाहेर, गवताच्या कडेवर होता. तो त्याने हळूच उचलला आणि आमच्या पायाशेजारी आणून ठेवला.